केनियाला ‘फक्त पासपोर्ट घेऊन’ निघण्यापूर्वी

केनियाच्या सहलीविषयीचा एक संदेश मराठी कुटुंबांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांत दर सुट्टीच्या तोंडावर नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: केनियाने व्हिसा रद्द केला आहे, तेव्हा फक्त पासपोर्ट घेऊन निघा, पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस केनिया मागत नाही, ती टोचून घेण्याच्या भानगडीत पडू नका, एकाच ‘पूर्व आफ्रिका व्हिसा’वर केनियाच्या मसाई मारा अभयारण्यातून थेट टांझानियातल्या सेरेंगेटीत जाता येते, डॉलर नेले की स्थानिक चलन लागत नाही, शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते, म्हणून आठवड्याचा फराळ पिशव्यांत भरून न्या, आफ्रिका उष्ण असल्यामुळे सुती कपडे पुरेत आणि मलेरिया तर आपल्या अंगवळणी पडलेला आहे, आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर नदी ओलांडणारे विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप हमखास दिसतात, एरवी जाणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

हा संदेश सपशेल खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. अडचण अशी आहे की त्यातल्या बऱ्याच विधानांचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध गाळलेला आहे. प्रवाशाला भुर्दंड पडतो तो या गाळलेल्या उत्तरार्धामुळे.

पहिले विधान व्हिसाचे. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद केला हे खरे आहे. मात्र त्याच वेळी त्या जागी ‘ईटीए’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी आली, आणि भारतीय पासपोर्टधारकाला ती निघण्यापूर्वीच मिळवावी लागते. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पासपोर्टची प्रत, छायाचित्र, मुक्कामाचे आरक्षण आणि परतीचे तिकीट जोडायचे, सुमारे 30 डॉलर शुल्क भरायचे आणि किमान तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवायचे, अशी ही रीत आहे. परवानगी नसेल तर खोळंबा नैरोबीला नव्हे, मुंबईतच होतो, कारण विमान कंपनीचा कर्मचारी बोर्डिंग पास देण्यापूर्वी ती पाहतो. घरातल्या लहान मुलांसाठी, अगदी तान्ह्या बाळासाठीही, स्वतंत्र परवानगी लागते. पूर्वी सोळा वर्षांखालील मुलांना व्हिसाशुल्क माफ होते, ती आठवण धरून बसलेले पालक इथे हटकून चुकतात. सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळेही बरीच आहेत आणि ती याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. तेव्हा पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारची खूण आहे ना, हे पाहूनच कार्डाचा क्रमांक भरावा.

संदेशातले सर्वांत घातक विधान दुसरे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया पीतज्वराच्या लशीचा दाखला मागत नाही, कारण भारतात हा रोग नाही. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. परंतु दाखला मागतो तो भारत, आणि तोही परतताना. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गल्लोगल्ली आहे, पीतज्वर पसरवणाराही हाच डास आहे, आणि तरीही पीतज्वर आजवर या देशात शिरलेला नाही. एक बाधित माणूस पुरेसा ठरू शकतो, म्हणून 1954 च्या विमान-आरोग्य नियमांपासून भारताने याबाबत कधी सैलपणा दाखवलेला नाही. केनिया बाधित देशांच्या यादीत आहे. तिथून वैध दाखल्याशिवाय परतणाऱ्याला विलगीकरणात ठेवता येते, आणि ही मुदत रोगाच्या अधिशयन काळाइतकी (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाइतकी), म्हणजे सहा दिवसांपर्यंत असू शकते. आठ दिवसांच्या सहलीनंतर घरच्या विमानतळावरून घरी न जाता सहा दिवस विलगीकरणात काढणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

यातही तारखेची गोम आहे. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला वैध होतो. आदल्या दिवशी टोचून घेतली तर आठ दिवसांच्या सहलीवरून परतताना तो अजून वैध झालेला नसतो. काउंटरवरचा अधिकारी दाखल्याची पिवळी पुस्तिका उघडतो, लशीच्या गट-क्रमांकापुढची तारीख पाहतो आणि बोटांवर दिवस मोजतो. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, ठरावीक वारांना मिळते आणि सुट्ट्यांच्या हंगामात तिथे गर्दी उसळते, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी हे काम उरकावे. एकदा घेतली की पुन्हा घ्यावी लागत नाही, कारण 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार दाखला आजन्म ग्राह्य आहे. जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावे. ज्येष्ठांच्या गटांत ‘टोचून घेऊ नका’ असा सल्ला फिरतो, पण ‘विचारून घ्या’ असे कोणी लिहीत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

तिसरे विधान वाचून थोडे हसू येते, कारण व्हिसा रद्द झाला असे पहिल्या ओळीत सांगणारा संदेश पुढे एका व्हिसाचे गोडवे गातो. पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा ही खरी गोष्ट आहे. 100 डॉलर शुल्काचा आणि 90 दिवसांचा हा व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांत चालतो. टांझानिया त्यात नाही. सेरेंगेटी टांझानियात आहे, आणि तिथे जाणाऱ्या भारतीयाला टांझानियाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. मारा आणि सेरेंगेटी हे एकच सलग कुरण आहे, मध्ये कुंपण नाही आणि विल्डबीस्टला पासपोर्ट लागत नाही, एवढ्यापुरते संदेशकर्त्याचे म्हणणे मान्य. पर्यटकांच्या गाडीला मात्र तिथून पलीकडे जाता येत नाही. समोरच्या टेकड्या डोळ्यांना दिसत असतात, तरी गाडी वळवून पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावर जायचे, दोन्ही देशांचे शिक्के घ्यायचे आणि पुन्हा पूर्वेकडे उद्यानात शिरायचे, यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. दोन्ही ठिकाणे चार दिवसांत बसवणारा कार्यक्रम कोणी हाती ठेवला, तर त्यातला हा दिवस कुठे गेला असे त्याला विचारावे. केनियातून टांझानियात जाताना पीतज्वराचा तोच दाखला टांझानियाही मागतो, हे ओघाने आलेच.

पैशांच्या बाबतीत संदेश अर्ध्याहून अधिक चुकला आहे. मोठी हॉटेले आणि सफारी कंपन्या डॉलर घेतात, पण कोणत्याही नोटा घेत नाहीत. नोटेवर सहीजवळ मालिकेचे वर्ष छापलेले असते. 2009 च्या आधीची मालिका, कोपऱ्यात फाटलेली किंवा पेनाने आकडा लिहिलेली नोट हमखास परत केली जाते. आपल्याकडे नोटेवर हिशेब लिहिण्याची सवय जुनी आहे, त्यामुळे चलन बदलून देणाऱ्याकडून नोटा घेताना तिथेच उजेडात धरून पाहाव्यात. रस्त्यावरचा भाजलेला मका, टॅक्सी, बाजारातली विणलेली टोपली यांसाठी केनियाचे शिलिंगच लागतात, आणि तेही रोख असण्यापेक्षा फोनमध्ये असलेले बरे. एम-पेसा ही फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा केनियात मार्च 2007 मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षे आधी. त्यातला ‘पेसा’ हा शब्द आपल्या ‘पैसा’चाच भाऊ आहे. चहाच्या टपरीवरही हिरव्या पाटीवर रंगवलेला ‘टिल’ क्रमांक, म्हणजे दुकानदाराचा पैसे स्वीकारण्याचा क्रमांक, दिसतो. तो फोनमध्ये घातला, रक्कम आणि पिन टाकली की काही क्षणांत दोघांच्याही फोनवर संदेश येतो आणि व्यवहार संपतो. परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवून सिमकार्ड आणि त्यावर एम-पेसा खाते दोन्ही मिळते. आपले यूपीआय तिथे चालेल या भरवशावर मात्र राहू नये.

शाकाहारी उपाशी राहतो, हे विधान ज्याने केले त्याने केनियाच्या ताटाकडे पाहिलेले नसावे. मका आणि घेवड्याची ‘गिथेरी’, नारळाच्या रसातला राजमा म्हणता येईल असे ‘महारागवे’, ‘सुकुमा विकी’ नावाची परतलेली पालेभाजी, मक्याच्या घट्ट उकडीसारखी ‘उगाली’, हे रोजचे जेवण आहे. रेल्वे बांधायला गेलेल्या हिंदी मजुरांच्या आणि त्यांच्या मागून गेलेल्या दुकानदारांच्या काळापासून तिथे रुजलेली ‘चपाती’ तर आता केनियाचीच झाली आहे, फक्त ती आपल्या पोळीपेक्षा जाड आणि पदर सुटणारी असते. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात गुजराती थाळी मिळते आणि सफारीच्या मुक्कामांवरही वरण-भाजी असते. काळजी घ्यायचीच तर एवढी, की भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना हे विचारावे. ‘बिला न्यामा’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पुरतात.

फराळ नेऊ नये असे माझे म्हणणे नाही. पिशव्यांत नेऊ नये, एवढेच आहे. 28 ऑगस्ट 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि कायद्यातली कमाल शिक्षा चार वर्षे कैद किंवा चाळीस लाख शिलिंग दंड इतकी कडक आहे. प्रवाशाला कोणी तुरुंगात टाकत नाही, पिशव्या विमानतळावर ठेवून घेतात. पण मग तासभर रांगेत उभे राहून चिवडा आणि शंकरपाळे कशात भरायचे, हा प्रश्न उरतो. एका सहप्रवासी काकूंनी शेवटी दोन किलो चकल्या शालीत बांधल्या, हे मी पाहिलेले आहे. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटे चालतात, स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या तर चालतातच. 5 जून 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामानाची मर्यादा बहुधा 15 किलो असते, त्यात हातातली पिशवीही धरतात, हे फराळाचे डबे भरताना लक्षात असावे.

सुती कपड्यांच्या सल्ल्याला उत्तर म्हणून एकच आकडा देतो. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच आहे आणि नैरोबी शहर सुमारे 1,795 मीटरवर वसले आहे. जुलैत तिथे पारा 11-12 अंशांपर्यंत उतरतो, आणि पहाटे सहाला छत उघडलेल्या जीपमध्ये उभे राहिले की स्वेटर आणि कानटोपी दोन्ही कमीच वाटतात. ‘जंगलाला शोभतील’ म्हणून लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र घेऊ नयेत. सैन्यासारखा पोशाख सामान्य माणसाने घालणे केनियात गुन्हा आहे.

मलेरियाचे विधान तर घरातल्या घरात कोणी खोडून काढायला हवे होते. वारंवार लागण होणाऱ्या भागात राहून जी थोडीफार प्रतिकारशक्ती येते ती तेवढीच आणि तात्पुरती असते. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत राहणाऱ्याकडे तीही नसते. केनियात प्रामुख्याने फॅल्सिपॅरम हा घातक प्रकार आढळतो आणि आपल्या ओळखीची क्लोरोक्वीन त्यावर भरवशाची नाही. नैरोबीत धोका कमी, मोंबासाच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी जास्त, म्हणून कोणती प्रतिबंधक गोळी घ्यायची हे आपला मार्ग डॉक्टरांना दाखवून ठरवावे आणि परतल्यावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत ती चालू ठेवावी. घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला, तर ‘आफ्रिकेत जाऊन आलो’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगायचे.

उरले नदी ओलांडणारे कळप. विल्डबीस्टचे प्रचंड कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारात असतात, हे बरोबर. पण ‘हमखास’ हा शब्द पावसाच्या मर्जीवर चालणाऱ्या जनावरांना लावता येत नाही. कळप काठापर्यंत येतो, पुढचे जनावर पाण्याचा वास घेते, तासभर धूळ उडत राहते आणि मग सगळा कळप आल्या वाटेने परत फिरतो. शेजारी उभ्या वीस-पंचवीस जीपमधले लोक दुर्बिणी खाली ठेवतात. याच महिन्यांत मारा अभयारण्याचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढासाठी माणशी 200 डॉलर आहे, तर जानेवारी ते जून ते 100 डॉलर असते, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे बारा तासांचेच चालते. सिंह, हत्ती, चित्ता, जिराफ हे काही स्थलांतर करत नाहीत. मार्च ते मे या मोठ्या पावसात रस्ते चिखलाचे होतात, तेवढे महिने टाळावेत. पण फेब्रुवारीत गवत आखूड असते, गर्दी कमी असते आणि शुल्क निम्मे असते. कळपांसाठीच जायचे असेल तर फेब्रुवारीत ते टांझानियाच्या दक्षिण सेरेंगेटीत, एन्डुटूच्या मैदानात असतात. तिथे त्या दिवसांत वासरे जन्मतात, आणि त्यासाठी टांझानियाचा तो वेगळा व्हिसा काढावा लागतो.