फवारणी पंपाची पुस्तिका लिहायला माणूस कसा नेमावा?

पंप तयार झाला, बॅटरी बसली, खोक्यावर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटोही छापून झाला. आता राहिली वापराची पुस्तिका. त्यासाठी लेखक लागतो, असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. घाबरू नका.

पहिली अट इंग्रजीची. पुस्तिका पांढरकवड्याकडचा सालदार वाचणार असला, तरी लेखकाचं इंग्रजी फर्डं हवं. आधी इंग्रजीत लिहून घ्या, मग मराठी मोबाईलवर करा. ती फुकटात होते. वाक्याचा अर्थ लागला नाही, तर भाषा शास्त्रीय आहे असं समजावं.

नमुना म्हणून प्रत्येक उमेदवाराकडून एकेक प्रकरण मागवा, तेही वेगवेगळं. दहा जण आले की पुस्तिका पूर्ण होते आणि कुणालाच नेमावं लागत नाही. नेमलाच एखादा, तर पैसे पानावर द्या. मग 'बटण दाबा' हे वाक्य सुद्धा पाऊण पान घेतं.

पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पाहिलेला माणूस मात्र कटाक्षाने टाळा. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की फवारा कुणाच्या तोंडावर येतो, असले प्रश्न त्याला पडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी अशीच उंच झाली होती. फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. तेव्हा वाऱ्याची दिशा, मास्क, हातमोजे, सगळं छापा. पण शेवटच्या पानावर, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात. ऑक्टोबरच्या उन्हात तो मास्क घालून शेताच्या धुऱ्यापर्यंत तरी कोण जाईल, हे लेखकाने विचारायचं नसतं. तुम्ही छापलं, तुम्ही सुटले.

मापाचंही तसंच. औषधाच्या माहितीपत्रकावर मात्रा हेक्टरी असते, पाणी समजा हेक्टरी ५०० लिटर. शेतकरी मोजतो एकरात आणि पंपात. हुशार लेखक बसून हिशेब करेल: एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप, मग एका पंपाला औषध किती, त्याचा एक तक्ता. एवढा तक्ता दिला तर शेतकऱ्याने करायचं काय? बाटलीचं झाकण आहे ना त्याच्याजवळ. दोन झाकणं, आणि कीड जास्त दिसली तर वरून एक.

मुलाखतीत एखादा म्हणेल, "पंप दोन दिवस घरी न्यायला द्याल का? अर्धवट पुस्तिका एखाद्या मजुराच्या हातात देतो आणि काही न बोलता नुसता पाहत बसतो." याला चहा पाजा, 'कळवतो' म्हणा आणि कळवू नका. तो पुस्तिका लिहिण्याच्या नावाखाली पंपच तपासतो. मजूर भरला पंप पाठीवर घेणार, पऱ्हाटीच्या चार ओळी पुऱ्या होणार, आणि "बंद कुठून होते जी हे?" म्हणत हात मागे नेणार. हात पोचणार नाही. मग लेखक तुमच्या दारात येऊन सांगणार, की पुस्तिकेचं नंतर पाहू, आधी बटणाची जागा बदला. आणि साचा तर तुम्ही पुण्याहून करून आणलाय, पूर्ण पैसे भरून.