फळं वाटलीत, रक्त कोण तपासणार?

आज ९ तारीख, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा, म्हणजे गर्भवतींच्या दरमहा मोफत तपासणीचा दिवस. इंदूरजवळच्या एका सरकारी केंद्रात बॅनर लागलं, गर्भवतींना फळं वाटली, फोटो झाले. आणि आठवा महिना लागलेल्या एका बाईचं हिमोग्लोबिन तपासलंच नाही, कारण तपासणीच्या मशीनमध्ये घालायच्या स्ट्रिप्स संपल्या होत्या! पापणी खाली ओढली तर आतून पांढरीफटक. चार पायऱ्या चढली की धाप. कार्डावर पाचव्या महिन्यातलं ८.२ ग्रॅम आणि पुढचे रकाने कोरे. गोळ्यांची पाकिटं हातात देऊन बोळवण केली.

८.२ म्हणजे मध्यम रक्तक्षय. लोह-फॉलिक अॅसिडच्या लाल गोळ्या रोज दोन आणि दर महिन्याला पुन्हा तपासणी, हा सरकारचाच नियम. महिन्याभरात १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवायचं, गरज पडली तर शिरेतून लोह द्यायचं. मोजलंच नाही तर वाढलं की घटलं हे कळणार कसं? ती ७च्या खाली घसरली असेल तर आठव्या महिन्यात तिला घरी पाठवायचंच नसतं, लगेच भरती करायचं असतं. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी धडधाकट बाई बहुधा सावरते. हिचा जीव त्याहून कमी रक्तस्रावातही जाऊ शकतो. वर बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होण्याची भीती.

गोळ्या पोचतात, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, हे मान्य. पण गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, दोन्हींपासून दोन तासांचं अंतर हवं, हे तिला बसवून कोण सांगतं?

कुणी म्हणेल, स्ट्रिप नाही तर हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी आहे की. आहे ना! पण त्यात रक्त आम्लात मिसळल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं. बाहेर रांग लागलेली असताना कोण थांबतं? मग आकडा खोटा, खऱ्याहून कमी येतो. बोट दाबून दाबून थेंब काढला तरी तेच, रक्तात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं. स्ट्रिपच्या डबीचंही झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं ती बिघडते.

तिथल्या एएनएम ताईंवर, म्हणजे केंद्रातल्या परिचारिकेवर मात्र ओरडू नका. त्यांनी मागणीपत्र पाठवलेलं असतं, वरून माल येत नाही. मशीन एकदाच घ्यावं लागतं, स्ट्रिप्स दर महिन्याला, आणि अंदाजपत्रकात नेमकी हीच रोजची बाब सुटते. आपल्या इंदूर शहरात कचरागाडी रोज दारात येते म्हणून शहर स्वच्छ आहे. वर्षातून एकदा झाडू वाटून झालं असतं का?

सरकारी रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या रोगी कल्याण समितीची कल्पना मुळात आपल्या इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयातली, १९९०च्या दशकातली. या समितीला स्थानिक खरेदी करता येते. मंडळी, तुमच्यापैकी कुणाची अशा समितीत ओळख असेल तर पुढच्या बैठकीत एवढं लिहून घ्या: तीन महिन्यांच्या स्ट्रिप्स कायम शिल्लक, निम्म्यावर आल्या की लगेच खरेदी, आणि ९ तारखेच्या अहवालात किती गोळ्या वाटल्या यासोबत किती जणींचं हिमोग्लोबिन दुसऱ्यांदा मोजलं हा रकाना. आणि त्या बाईला पुढच्या ९ तारखेची वाट पाहायला लावू नका, तिची तपासणी उद्याच व्हायला हवी.