फट्टले काय म्हणते?

रातची लाईन असली, म्हणजे वावरातली वीज रात्री येणार असली, की आमच्याकडं जेवणं सातलाच आटोपतात. त्या दिवशीही मी मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन चण्याला पाणी द्यायला निघालोच होतो, तेवढ्यात सातवीतल्या पोरीनं उंबरठ्यावर अडवलं.

"बाबा, खळखळ, गडगडाट, किरकिर... अशा शब्दायले काय म्हणते? मॅडमनं सांगतलं होतं, पण पुस्तक शाळेतच रायलं."

मी पडलो मराठी वाङ्मय घेऊन बीए झालेला. गावात या पदवीचा उपयोग लग्नपत्रिकेतल्या 'आशीर्वाद'मधली शी पहिली की दुसरी, एवढं सांगण्यापुरता. आता कुठं खरा प्रसंग आला होता. शब्द अगदी जिभेवर होता, पण तिथंच बसला होता, एसटीच्या दारात बसलेल्या माणसासारखा. आतही सरकेना, खालीही उतरेना. म्हणून हाताशी आलं ते ठोकून दिलं.

"ध्वनी."

"नाई बाबा. लांबलचक होतं."

खाटेवरून आबाजी म्हणाले, "आमच्या वक्ताले त्यायले शब्दच म्हणत." मग त्यांनी फटफटी, खुळखुळा, टिटवी असे तीन नग काढून दिले. चुलीजवळून बायकोनं 'फोडणी चरचरते' आणि 'डोळे चुरचुरतात' हे दोन धाडले. टोपलीचं नाव विचारावं आणि जो तो त्यात आणखी वांगी टाकून जावा, तसं झालं. वांगी एकापेक्षा एक झकास, पण टोपलीला काय म्हणायचं ते कोणी सांगेना.

शेवटी वावराच्या वाटेवरून गुरुजींना फोन लावला. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण दरारा शाबूत.

"ध्वनी? तुले बीए पास कोनं केलं रे?" इथून सुरुवात. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला, त्याच्या 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथातला ध्वनी म्हणजे आवाज नव्हेच. तोंडानं बोलला जात नाही, पण ऐकणाऱ्याला नेमका कळतो, तो अर्थ म्हणजे ध्वनी. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' म्हटलं तर पाण्यावर कोणी घरं बांधत नाही. वस्ती काठावरच असते, पण ऐकणाऱ्याच्या मनात नदीचा गारवा आणि पावित्र्य उभं राहतं. गुरुजी गारव्यावर पाच मिनिटं बोलले. मी जानेवारीच्या रात्री धुऱ्यावर उभा राहून तो प्रत्यक्ष घेत होतो.

"मंग आवाजाच्या शब्दायले काय म्हणते, गुरुजी?"

"निरुक्तात शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे यास्काचार्य म्हणतात, काक इति शब्दानुकृतिः। कावळा काव काव करतो म्हणून काक. पाखरांच्या नावांत असं फार सापडते, हेही त्यानंच लिहून ठेवलं. पण औपमन्यव म्हणून एक होता, त्याले हे मान्य नव्हतं. त्याच्या मते आवाजाची नक्कल वगैरे काही नसते. काक म्हणजे हाकलून लावण्याजोगा."

ख्रिस्तापूर्वीचं हे भांडण ऐकून मला बरं वाटलं. माझी बायको औपमन्यवाच्या बाजूची आहे. गच्चीवर मुंगवड्या वाळत घातल्या की तिला कावळ्याची हीच व्युत्पत्ती पटते.

पण 'शब्दानुकृती' काही पोरीच्या पुस्तकातला शब्द वाटेना. "शाळेत त्याले काय म्हणत बरं..." म्हणत गुरुजीही अडकले आणि "आठवलं की सांगतो" म्हणून झोपायला गेले. मला झोपता येत नव्हतं. मोटर चालू केली. स्प्रिंकलर सुरू झाले. टिक् टिक् टिक् टिक् फस्स्! अख्खं वावर त्याच जातीचे शब्द उडवत होतं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून रात्री मधूनमधून हाळी द्यावी लागते. एरवी आम्ही 'हो हो' करतो. त्या रात्री मी "नादा... ध्वन्य... अनु... अनु..." अशा हाळ्या दिल्या. अनुपर्यंत गाडी यायची आणि पुढं फाटक बंद.

तीनच्या सुमारास धुऱ्यापलीकडून बॅटरी हलली.

"काहो भाऊ, हे अनु कोन? वयनीले माहीत हाय का?"

मी समजावून सांगणार, तेवढ्यात डीपीकडून फट्ट आवाज आला. मोटर गप, स्प्रिंकलर गप, सगळीकडं काळोख. मला मात्र आशा वाटली.

"भाऊ, आता आवाज आला, फट्ट. या फट्टले काय म्हणते?"

"फ्यूज गेला म्हणते," तो म्हणाला आणि शिव्या देत निघून गेला.

त्या शांततेत शब्द आपसूक उतरला. अनुकरणवाचक! अभ्यस्त, म्हणजे अक्षरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांचे तीन प्रकार: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. मी लगेच घरी फोन लावला. "अनुकरणवाचक!" पलीकडून बायकोनं विचारलं, "अजी, काय चावलं?"

सकाळी पोरीनं वहीत शब्द लिहून घेतला आणि पेन्सिल चावत म्हणाली, "पण चांदणी लुकलुकते, तिचा आवाज कुठं येते? भांडं लखलखते, ते तर मुकंच असते. मंग अनुकरण कायचं?"

तिनं पोटातलाच प्रश्न विचारला होता. जखम ठसठसते, रस्ता गुळगुळीत असतो, दिवा मिणमिणतो. कान लावला तर काही ऐकू येत नाही, तरी शब्द उच्चारला की वस्तू समोर. मोबाईलवर शोधलं तर जपानी लोकांनी दोन खाती वेगळी ठेवलेली निघाली: आवाजाची नक्कल ती गिओन्गो, आणि ज्यात आवाज नाही, नुसतं रूप, ढंग आहे ते गिताइगो. लुकलुकण्याला ते 'किराकिरा' म्हणतात. आमच्याकडं किरकिर मोटरीचं बेअरिंग करतं.

"मंग जपानी लिहू?"

"अनुकरणवाचकच लिही. मॅडमले तेच पायजे."

ती दप्तर घेऊन गेली. बायकोनं चहा पुढं ठेवला.

"लाईनमनले फोन केला?"

"केला."

"काय म्हणते?"

"आलोच म्हणते."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं. संध्याकाळपर्यंत कोणी येणार नाही, हे दोघांनाही कळलं. हा मात्र ध्वनी. शुद्ध, आनंदवर्धनाचा.