झाकली एमजीबी सव्वा लाखाची

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या ज्या वाचकांच्या मनात उघड्या छपराची, दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार घेण्याची इच्छा वर्षानुवर्षे दबून आहे, त्यांनी एमजी या ब्रिटिश कंपनीच्या तशाच गाडीच्या, म्हणजे एमजीबीच्या, चालत्या नगाच्या वाटेला चुकूनही जाऊ नये. चालती गाडी फार बोलते. ती धूर सोडते, गिअर बदलताना कुरकुरते आणि अर्ध्या मैलाच्या फेरीत विक्रेत्याच्या साऱ्या वर्णनावर पाणी फिरवते. पंधरा वर्षे गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी मात्र खानदानी असते. तिच्यात सांगण्यासारखा एकच दोष असतो, तो म्हणजे ती सुरू होत नाही; बाकीचे दोष दिसायला ती आधी सुरू व्हावी लागते.

विक्रेता म्हणेल, ‘उभी केली त्या दिवशी उत्तम चालत होती.’ यावर विश्वास ठेवावा, कारण जगातली प्रत्येक बंद गाडी बंद पडण्याच्या आदल्या क्षणापर्यंत चालतच होती. फक्त पेट्रोलचा पंप अडकला आहे, असेही तो सांगेल. एमजीबीच्या एसयू बनावटीच्या या पंपाला मागच्या चाकाजवळ हलकेच ठोकले की तो कधीकधी खरोखरच टिकटिकू लागतो, त्यामुळे या एका सत्याच्या भरवशावर उरलेल्या सगळ्या गोष्टी मान्य करण्यास हरकत नाही. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे, ते मुरू द्यायचे, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढेमागे ढकलून इंजिन फिरते की जाम झाले आहे ते पाहायचे, असा आगाऊपणा करणारे ग्राहक असतात. आपण त्यांच्यातले नाही.

सिलकडे, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीकडे, तर अजिबात वाकून पाहू नये. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो आणि छप्पर नसल्यामुळे त्यातला मोठा वाटा दारांखालच्या सिलवर येतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ नेमके तिथेच शिरते. बाहेरचा सिल, मधला पडदा आणि किल्ल्याच्या तटासारख्या आकाराचा खालचा ‘कॅसल’ पत्रा अशी ही रचना असते. आतले कुजलेले तसेच ठेवून वर नवा कोरा सिल डकवण्याची कला तिथल्या काही वेल्डरांना चांगली साधली आहे. लोहचुंबक घरीच ठेवावा, कारण लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी तो चिकटत नाही आणि उगाच मन खट्टू होते. जॅक लावल्यावर दार उघडेनासे झाले, तर ते भक्कम बांधणीचे लक्षण समजावे.

आता किमतीचे. १९६२ ते १९८० या काळात ५ लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, तेव्हा ‘दुर्मिळ’ हा शब्द विक्रेता उच्चारील त्या वेळी आपण आदराने मान डोलवावी. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली, म्हणून बाजारात आधीच्या क्रोम बंपरच्या गाडीला जास्त भाव असतो. रबरी बंपर काढून कुणी क्रोमचे बसवले असतील, तर दोन्ही काळांचे मिळून पैसे द्यावेत.

चांगल्या चालत्या गाडीच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, असे काही रुक्ष लोक सांगतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून एमजीबीचे कोरे सांगाडे विकते. त्या सांगाड्याची किंमत, त्यावरचा रंग, वायरिंग, गादीकाम आणि वरचा कापडी हुड यांची बेरीज केली, तर वजाबाकीचे उत्तर बहुधा शून्याच्या खाली जाते. म्हणून बेरीज करूच नये, आणि आपले शनिवार-रविवार तर फुकटच असतात.

मोठे फेरबदल न झालेल्या, ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीतून, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या सक्तीच्या चाचणीतून, सूट आहे. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, हा तपशील विक्रेता सहसा सांगत नाही. सरकारच जिथे खाली वाकत नाही, तिथे आपण गुडघे कशाला मळवावेत? पैसे मोजून द्यावेत आणि ट्रेलर मागवावा. गाडी वर चढवताना खालून काही गळून पडले, तर ते फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावे. मूळ भागांना बाजारात वेगळे मोल असते.