पहिला नंबर मामांचा

काल माझा सेमिनार झाला. विषय नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं गळून अंगावर सूज येते तो आजार. सरांची अट एकच, 'इंटरॅक्टिव्ह' पाहिजे, शेवटी ऑनलाइन क्विझ घ्या. आमच्याकडे सेमिनार म्हणजे शिकवायचं विद्यार्थ्यानं, सरांनी पहिल्या बाकावर बसून मोबाइल बघायचा आणि बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून तेच करायचं.

प्रोजेक्टर लावायला डिपार्टमेंटचे मामा, म्हणजे शिपाई, असतात. तो लागला की ते चहाला जातात. काल थांबले. दिवसाला साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं लघवीतून जातात, ही माझी पहिली स्लाइड आली आणि मामा कानाशी येऊन म्हणाले, "मागच्या वर्षी ही निळी होती. बरी दिसायची."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

क्विझ सुरू झालं. जो लवकर बटण दाबेल त्याला जास्त गुण. नावं हवी ती घ्या, म्हणून पडद्यावर 'किडनी किंग', 'झोपलेला' आणि 'मामा' अशी मंडळी अवतरली. कुणीतरी टवाळानं घेतलं असेल नाव, असं मला वाटलं. नेफ्रोटिकमध्ये रक्ताच्या गुठळ्या का होतात? वायफाय रडत होतं, निम्म्या वर्गाच्या फोनवर चक्र फिरत होतं. पहिला नंबर, मामा. पुढचा प्रश्न, पुन्हा मामा. शेवटी वळून बघतो तर खिडकीशी, जिथे रेंज येते तिथे, चष्मा कपाळावर चढवून मामा स्वतः उभे.

"मामा, तुम्ही?"

"कोड भिंतीवर होता, टाकला."

"आणि उत्तरं?"

"दर बॅचला तेच तर असतं. रक्त गोठू न देणारं अँटीथ्रॉम्बिन लघवीतून जातं, म्हणून गुठळी. लहान पोरांत या आजाराचा मिनिमल चेंज प्रकार, स्टेरॉइडनं बहुतेक उतरतो. आता सर शिर विचारतील डॉक्टर, रीनल व्हेन म्हणा, मूत्रपिंडाची शीर."

सरांनी मोबाइलमधून मान काढली. "बरं, गुठळी विशेषतः कोणत्या शिरेत?"

वर्ग फुटला. मी "रीनल व्हेन" म्हणालो. सर म्हणाले, "गुड." ते गुड कुणाचं, हे सरांखेरीज सगळ्यांना कळलं.

हसलो मीही, पण राग अजून गेलेला नाही. मामांवर नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय परीक्षांसाठी एक पिरॅमिड मांडला: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि सगळ्यात वर, प्रत्यक्ष कामात करणं. आमचं क्विझ तळाच्या पायरीवर अंगठ्याचा वेग मोजतं. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, हे मी बाण काढून स्लाइडवर दाखवलं. तसे पाय वरच्याच मजल्यावर, वॉर्डात होते. तिकडे कुणी नेलं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून छोटा गट, एका रुग्णाची समस्या आणि सोबत टोकणारा शिक्षक अशी पद्धत सुरू झाली. त्यातला गट वाटेत गळला, रुग्ण गळला, टोकणारा गळला. आमच्यापर्यंत 'विद्यार्थी स्वतः शिकतो' एवढंच येऊन पोहोचलं. फार सोयीचं वाक्य आहे.

फीडबॅकचा फॉर्मही ऑनलाइनच. माझा सेमिनार संपण्याआधीच त्यात पाच-पाच तारे पडले होते. सर "छान, पुढच्या वेळी नेफ्रायटिक" म्हणून, म्हणजे मूत्रपिंडाचाच दुसरा आजार देऊन, निघून गेले.

वायर गुंडाळता गुंडाळता मामा म्हणाले, "नेफ्रायटिकचं तयार आहे माझ्या पेन ड्राइव्हवर. घेऊन जा. फक्त शेवटच्या स्लाइडवर जुन्या पोराचं नाव आहे, तेवढं काढा. मागच्यानं काढलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. सरांनी त्याला त्याच नावानं शाबासकी दिली."