‘शेवाळच तर आहे, पुन्हा वाढेल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मेर्लच्या उपशाविरुद्धच्या माझ्या लेखावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की मेर्ल, म्हणजे समुद्रतळावर वाढणारं चुनखडीसारखं कडक लाल शैवाल, हे शेवटी शैवालच, काढलं तर पुन्हा येईल. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते आम्लधर्मी जमिनीत आम्लता कमी करायला टाकत आले, मग आताच एवढी ओरड कशाला?

शेतकऱ्यांचं पटतं. ग्रॅनाइटचा मुलूख, चुनखडी जवळ नाही आणि समुद्र दारात. दुसरं काय वापरणार? पण होडीभर उचलणं वेगळं आणि ड्रेजर (तळ उपसणारं यंत्र) लावून वर्षाला लाखो टन उपसणं वेगळं. फ्रान्समध्ये हेच झालं.

‘पुन्हा येईल’ इथे मात्र गाडी अडते. हे लाल शैवाल स्वतःच्या पेशीभित्तिकांत कॅल्शियम कार्बोनेट भरत जातं. चिमटीत मावेल एवढी, गुलाबी-जांभळी, खरखरीत फांदी. तळाशी कशालाही न चिकटता नुसती पडलेली. टोकाला वाढ वर्षाकाठी फार तर एखादा मिलिमीटर, बहुधा त्याहूनही कमी. मेली की पांढरी पडते आणि खालच्या खचात जमा होते. असे थर साचायला हजारो वर्षं लागतात. स्कॉटलंडच्या क्लाइड भागात स्कॅलप नावाचे शिंपले पकडायचं अवजार तळावरून एकदा ओढलं, तेवढ्यानं जिवंत मेर्ल सत्तर टक्क्यांनी घटलं आणि चार वर्षांनीही सावरलं नव्हतं. याला मी पीक कसं म्हणू? ही खाण आहे.

‘मेलेलंच काढतात की!’ हा तुमचा मुद्दा जास्त वजनदार आहे. कॉर्नवॉलच्या फाल खाडीत मेलेलंच काढत होते. पण उपसताना उठलेला गाळ शेजारच्या जिवंत थरावर बसतो. जिवंत मेर्लला जगायला उजेड लागतो आणि गाळातून अंग झटकून वर येणं त्याला जमत नाही. शिवाय मेलेल्या खचातल्या फटींतही किडे, शिंपले, खेकडे राहतातच.

मेर्ल कार्बन शोषतं, हा मुद्दा मी लेखात मुद्दाम वापरला नव्हता. कार्बोनेट बनताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे ‘मेर्ल हवा शुद्ध करतं’ छापाची वाक्यं मला धाडसाची वाटतात.

आणि ‘सरसकट बंदी’ म्हणालात, तसंही नाही. 1992 च्या युरोपीय अधिवास निर्देशात मेर्लच्या दोन मुख्य प्रजाती पाचव्या परिशिष्टात आहेत, म्हणजे काढायचं असेल तर मर्यादा सांभाळून. आता वर्षाला मिलिमीटरभर वाढणाऱ्या गोष्टीची मर्यादा किती टनांवर ठेवायची, ते तुम्हीच सांगा.