सँक्शन: मंजुरी की निर्बंध?

परवा कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते बातमीतल्या एका वाक्यामुळे. एका देशाने दुसऱ्या देशातील बँकांना ‘सँक्शन’ केले, असे त्यात म्हटले होते. बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राचा आक्षेप असा, की आपल्या हाताखालून रोज कर्जे सँक्शन होतात, मग ज्या शब्दाचा अर्थ मंजुरी, त्याच शब्दाने कोणाची कोंडी कशी करता येईल? इंग्रजी भाषाच बेभरवशाची, असे म्हणून तो मोकळा झाला.

वकील मित्र थेट लॅटिनमध्ये शिरला. (त्याला तेवढेच निमित्त हवे असते.) तेथील मूळ क्रियापदाचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र ठरवणे, तिच्यावर अधिकाराची मोहोर उमटवणे असा असून, रोमन कायद्याच्या ज्या कलमात तो मोडणाऱ्याचे काय होईल हे लिहिलेले असे, त्यालाच ‘सान्क्तिओ’ म्हणत. थोडक्यात, मान्यता आणि दंड एकाच घरातले. पुढे इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने माणसाला नियमात ठेवणाऱ्या शक्तींना, मग ती राजसत्ता असो, लोकनिंदा असो वा धर्म, हाच शब्द लावला. १९३५ मध्ये इथिओपियावर चाल करून गेलेल्या इटलीविरुद्ध राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने) जे आर्थिक निर्बंध लादले, तेही ‘सँक्शन्स’च.

मला मात्र व्युत्पत्तीपेक्षा वाक्यरचना अधिक उपयोगी वाटते. अनेकवचनी नाम आले, की बहुधा निर्बंधच समजावेत. क्रियापद असेल तर कर्माकडे पाहावे: योजना, खर्च किंवा कृती सँक्शन केली तर मंजुरी, आणि देश, कंपनी किंवा व्यक्ती सँक्शन केली तर कारवाई. हा दुसरा क्रियापदी वापर पुष्कळ अलीकडचा असल्याने जुन्या वळणाच्या वाचकाला तो अजूनही खटकतो.

तेवढ्यावर वकील थांबला नाही. कर्जाच्या सँक्शन लेटरमध्ये रक्कम आणि व्याजदराखाली हप्ता चुकल्यास होणाऱ्या दंडाचीही अट असते, तेव्हा दोन्ही अर्थ तुझ्याच कागदावर आहेत, असे त्याने बँकवाल्याला सुनावले. ती अट कराराची आहे, शब्दाची नव्हे, हे बँकवाल्याचे उत्तर मला बिनतोड वाटले. वकिलाने ते मान्य केले नाही. पण ‘निर्बंध लादले’ असे सरळ मराठी हाताशी असताना ‘सँक्शन केले’ लिहिणाऱ्या बातमीदाराची बाजू घ्यायला मात्र तोही तयार झाला नाही.